शिल्लक झाडे : शून्य

४ मार्च, सोमवार

तिसरं जाळं फाटलं! मासा — एकही नाही. मिळालं काय, तर डाव्या पायाची एक चप्पल, घमेलंभर चिखल आणि मनगटाएवढी जाड फांदी. ती जाळ्यात अशी गुरफटली होती की सोडवता सोडवता नावाड्याला आणि मला पाऊण तास लागला. शिपाई काठावर उभा राहून सूचना करत होता. होडीत तो बसत नाही, त्याला पाण्याची भीती वाटते. मत्स्य खात्यात अठरा वर्षं झाली त्याला.

तळं मात्र शांत. इतकं शांत की राग यावा. पाण्यातून वर आलेले पांढरेफटक बुंधे आणि प्रत्येकावर एकेक पाणकावळा, पंख वाळत घालून बसलेला. सगळ्यांची पोटं टम्म. म्हणजे त्यांना मासे सापडतात. त्यांना नियमावली नाही ना!

मला आहे. दहा ठिकाणी जाळी टाकायची, संध्याकाळी टाकून सकाळी उचलायची, सगळ्यांत मिळून पन्नास मासे यायला हवेत. अहवाल ३० तारखेला निघायला हवा. पन्नासाच्या खाली आलो की तळं 'मत्स्यहीन' जाहीर होणार आणि नावाड्यासकट नऊ घरांचे मासेमारीचे परवाने रद्द. ठिकाणं मुख्य कार्यालयाने ठरवून दिली आहेत — नकाशावर पट्टी ठेवून, रेघा मारून. तीन झाली. एकूण मासे शून्य.

५ मार्च, मंगळवार

साहेबांचा फोन. 'जाळी फाटतातच कशी?'

म्हटलं, लाकडात अडकून.

'कसलं लाकूड?'

म्हटलं, सर, धरण झालं तेव्हा जंगल बुडालं, ते अजून पाण्याखाली उभं आहे. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग — 'वन खात्याचा दाखला आहे माझ्यासमोर. जलाशय भरण्यापूर्वी तोडलेली झाडे ११,३०८. शिल्लक झाडे : शून्य. तेव्हा तळ्यात लाकूड नाही.'

म्हटलं, सर, मला कार्यालयाच्या खिडकीतून दिसतंय.

'तुम्ही खिडकीतून बघू नका. दाखला बघा!'

दाखला मी बघितलेला आहे. एकतीस वर्षांपूर्वीचा. खाली सही कोणाची आहे ते साहेबांना सांगितलं नाही. आडनाव एक असून त्यांच्या लक्षात आलं नाही, हे त्यांच्या एकूण लौकिकाला धरूनच झालं.

सही अण्णांची आहे. माझ्या वडिलांची.

६ मार्च, बुधवार

जेवताना अण्णांचा रोजचा प्रश्न. 'मिळाला?'

'नाही.'

'हं.' आणि पुढचा घास. मला उगाच वाटलं की त्यांना बरं वाटलं.

मी सहज म्हणून विचारलं, अण्णा, तेव्हा काही झाडं राहून गेली असतील का हो? एवढ्यातेवढ्याने चुकतं माणसाचं. तर ताठ बसून म्हणाले, 'तळ्यात लाकूड नाही. दिसतं ते वाहून आलेलं.' वाहून आलेली झाडं उभी कशी राहतात, हे मी विचारणार होते. तेवढ्यात 'जेव, गार होतंय' म्हणाले.

शहात्तर वर्षांचा माणूस. कोण वाद घालणार! आणि अण्णांच्या शब्दावर शंका घ्यायची आमच्या घरात पद्धतच नाही. सातवीत असताना मी त्यांच्या कार्यालयातली एक पेन्सिल घरी आणली होती, अर्धी झिजलेली. हाताला धरून परत घेऊन गेले, भर दुपारी, सगळ्या कारकुनांसमोर टेबलावर ठेवायला लावली. 'सरकारी वस्तू आणि आपली सही, दोन्ही जपून वापरायच्या.' ते वाक्य मी एकोणीस वर्षं नोकरीत गळ्यात बांधून फिरते आहे. लग्न केलं नाही, बदल्या केल्या. ही शेवटची मागून घेतली, आई गेल्यावर अण्णा इथे एकटे राहिले म्हणून.

घरापासून तळं दहा मिनिटांवर. अण्णा कधीच काठावर जात नाहीत. गुडघ्यांना ओल सोसत नाही म्हणतात. फिरायला जातात ते पोस्टाच्या दिशेने.

८ मार्च, शुक्रवार

साहेबांचं पत्र. जसंच्या तसं उतरवून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही — 'अहवालात लाकूड, झाड, फांदी, बुंधा हे शब्द वापरू नयेत. त्याऐवजी जलांतर्गत अडथळा असे लिहावे.'

लिहिलं. दुपारी दुसरं पत्र — 'जलांतर्गत अडथळ्याचे स्वरूप स्पष्ट करावे.'

कळवलं — 'स्वरूप उभे, गोल, साल असलेले.'

सोबत एक रंगीत चित्रही आलं आहे. तळं मत्स्यहीन ठरलंच तर पुढे काय, त्याचं. हंसाच्या आकाराच्या होड्या! आत बसून पायाने चाक मारायचं. वीस हंस, निळंशार पाणी, आणि पाण्यात एकही बुंधा नाही. चित्रकाराने दाखला बघून काढलं असणार.

पाच ठिकाणं झाली. एकूण मासे — एक. करंगळीएवढा. नावाडी म्हणाला, 'सोडून देऊ का ताई? पोर आहे अजून.' सोडला. पण मोजला.

९ मार्च, शनिवार

नावाड्याने सकाळी काठावर बसून हातदोरीने तासाभरात चार मासे काढले, चांगले हातभर! मी धावत गेले. मग नियमावली आठवली. ७ (ख) — गळाने पकडलेला मासा चाचणीत ग्राह्य नाही. जाळ्यातलाच हवा.

तर या तळ्यात दोन गोष्टी भरपूर आहेत, मासे आणि लाकूड. कागदावर दोन्ही नाहीत.

नावाडी म्हणतो, 'काठाला आमचं भागतं कसंबसं. खरा माल मध्ये आहे. पण मध्ये सगळं खोडांचं रान, जाळं उतरवायला जागा कुठे? मोकळी पट्टी सापडली तर बघा.' कुठे सापडेल म्हटलं. तर पाण्याकडे बघत बसला. त्याला काहीतरी बोलायचं होतं असं वाटलं.

११ मार्च, सोमवार

मत्स्यशोधक यंत्र आलं! सोबत कंपनीचा माणूस — टोपी, गॉगल आणि दर वाक्याला 'मॅडम'. होडीत यंत्र बसवलं, पाण्यात वायर सोडली, आणि लगेच पडदा भरून गेला. मासेच मासे! 'मॅडम, चारशे बारा!' दहा मिनिटांत नऊशेच्या वर. टोपीवाला स्वतःच चकित झाला होता.

नावाडी पडद्यात डोकावला. बराच वेळ बघून म्हणाला, 'हे हलत का नाहीत?'

'शांत पाण्यातले मासे, काका. स्वभाव शांत.'

'आणि उभे का?'

टोपीवाल्याने गॉगल काढून पुसला. मग म्हणाला, 'आराम करतायत.'

मी तोंडावर ओढणी धरून काठ येईपर्यंत हसू दाबलं. नऊशे चाळीस फांद्या होत्या त्या. निदान तेवढी झाडं तरी आज पहिल्यांदा सरकारी यंत्रावर उमटली. मासे म्हणून का होईना!

१२ मार्च, मंगळवार

टोपीवाल्याने परस्पर साहेबांना कळवलं. साहेबांचा फोन — 'नऊशे चाळीस! अभिनंदन!' आणि परस्पर वरही कळवून मोकळे. वरून तासाभरात विचारणा — त्यातला एक दाखवा.

गुरुवारी साहेब स्वतः येतायत, छायाचित्रकार घेऊन.

१४ मार्च, गुरुवार

आजचा दिवस जपून लिहिते.

साहेब दहाला आले, बूट पांढरे. मी आठव्या ठिकाणचं जाळं सकाळीच उचललं होतं; त्यात तीन मासे होते, बोटभर. आतापर्यंतचे एकूण चार. पण साहेब होडीत बसले, पुन्हा एकदा जाळं ओढायचं नाटक झालं, आणि जाळ्यात — केवढा तरी मासा! चंदेरी, रुंद, झकास. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

मी जवळ जाऊन बघितलं. मासा समुद्रातला. बर्फाने कडक झालेला. पोट चिरून आतलं साफ केलेलं, आणि डोकं नाही.

शिपाई काठावरून माझ्याकडे बघतच नव्हता. बाजारात जाऊन बिचाऱ्याने 'चांगला मोठा द्या' म्हणून मागितला असणार आणि विक्रेत्याने सवयीने साफ करून दिला असणार. अठरा वर्षं मत्स्य खात्यात!

साहेबही जरा चक्रावले. 'याला डोकं नाही?'

शिपाई काठावरून ओरडला, 'इथला असाच निघतो, सर!'

यावर साहेबांनी मान हलवली आणि छायाचित्रकाराला सांगितलं, 'कापलेली बाजू खाली घे.' फोटो निघाला. मी म्हटलं, सर, हा मासा मी चाचणीत धरणार नाही. 'कोण म्हणतंय धरा? तुम्ही फार मनाला लावून घेता.' तरी एक कागद पुढे केला, 'मासा आढळला' असा, सहीसाठी. म्हटलं, पेन विसरले. खिशाला अडकवलेलं पेन सगळ्यांना दिसत होतं.

घरी येऊन अण्णांना सांगितलं, तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. किती दिवसांनी! मग एकदम विचारलं, 'सही नाही केलीस ना?'

'नाही.'

'शाबास' म्हणाले, आणि ताटावरून लवकर उठले. नंतर खिडकी लावून घेतली, तळ्याच्या बाजूची.

१६ मार्च, शनिवार

आज नावाड्याला धरलंच. म्हटलं, गेल्या शनिवारपासून तुमच्या ओठांवर काहीतरी आहे, ते बोला. उरलीत दोनच ठिकाणं, आणि त्यांत सेहेचाळीस मासे हवेत. पट्टीने आखलेल्या जागी ते येणार नाहीत. शेवटची दोन ठिकाणं स्थानिक अधिकाऱ्याला बदलता येतात, म्हणजे मला. पण कुठे?

वल्हं आत घेऊन बसला. म्हणाला, 'अण्णांना विचारा की ताई.'

'त्यांना काय माहीत माशांचं?'

'माशांचं नाही. झाडांचं. एकूण एक झाड त्यांनी मोजलंय. नंबराची चकती ठोकायला पुढे मी असायचो, मागे ते वही घेऊन.'

'मग तोडायला?'

'तोडायलाही मीच होतो. मी आणि सत्तर जण. चार महिने तोडली. मग पाणी आलं.'

'सगळी तोडून झाल्यावर?'

त्याने नुसतं वर बोट केलं. आमच्या डोक्यावरच्या बुंध्यावर पाणकावळा बसला होता. एकतीस वर्षं कोणाला सांगितलं का नाही, असं विचारलं. 'कोणी विचारलंच नाही,' म्हणाला. 'आणि अण्णा माणूस चांगला आहे.'

१७ मार्च, रविवार

काही लिहावंसं वाटत नाही. अण्णा दिवसभर वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होते.

१८ मार्च, सोमवार

जाळ्याची चाचपणी करताना एक कुजका ओंडका वर आला. त्यावर खिळ्याने ठोकलेली पत्र्याची चकती. गंज खरवडला. ६२१४.

चकती खिशात घालून घरी आणली. जेवायला बसल्यावर अण्णांच्या ताटाशेजारी ठेवली. त्यांनी चष्मा वर केला, आकडा वाचला आणि त्यांच्या तोंडून आपोआप निघून गेलं — 'दुहेरी बुंध्याचं. लाकूडगाड्यांच्या रस्त्याला, डाव्या हाताला, वळणावर.'

मग त्यांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते.

मी विचारलं, 'अण्णा, हे झाड तोडलं होतं ना?'

अण्णांनी हात धुतला. अर्धं ताट तसंच ठेवून खोलीत गेले आणि दार लोटलं. माझ्या आठवणीत त्यांनी पानात कधी शीतसुद्धा टाकलेलं नाही.

१९ मार्च, मंगळवार

बोलले नाहीत. मीही नाही. दोघांनी मिळून मीठ शोधलं फक्त.

२० मार्च, बुधवार

राग राग होतोय. लाकडापायी नाही. पेन्सिलीपायी! हिशेब केला. तळं भरलं तेव्हा मी सातवीत. पेन्सिल सातवीत. म्हणजे दाखल्यावर सही करून ते घरी आले, आणि त्याच वर्षी कधीतरी मला हाताला धरून ती अर्धी पेन्सिल परत करायला घेऊन गेले. सगळ्या कारकुनांसमोर! त्या कारकुनांना माहीत असणार. त्यातल्या एकाने खाली मान घालून हसल्याचं मला आठवतं. मला वाटलं होतं मला हसतोय.

२१ मार्च, गुरुवार

संध्याकाळी नावाड्याची बायको घरी आली. कार्यालयात नाही आली, घरी. हातात त्या हंसाच्या होड्यांचं चित्र. शिपायाने सगळीकडे वाटलं आहे म्हणे. दारातच उभी राहिली. 'ताई, एवढंच विचारायला आले. हे हंस चालवायला माणसं लागतील का? आमच्या ह्यांना वल्हवता येतं, पण तिथे पायाने मारायचं आहे. गुडघा गेलाय त्यांचा. तुमचं झाड तोडताना पडले होते ना, तेव्हापासून.'

'तुमचं झाड' म्हणाली. मनात काही न ठेवता, साधं.

मी म्हटलं, अजून नऊ दिवस आहेत. ती म्हणाली, 'हो, आहेत ना,' आणि मलाच धीर दिल्यासारखी हसली. माझ्या मागे अण्णा केव्हा येऊन उभे राहिले होते कळलं नाही. तिने त्यांना वाकून नमस्कार केला. अण्णांनी हात वर केला.

ती गेल्यावर त्यांनी विचारलं, 'तिच्या नवऱ्याची होडी केवढी आहे? तिघं मावतील?'

२३ मार्च, शनिवार

अण्णा होडीत बसले!

शर्ट इस्त्रीचा, मफलर, काखेत मेणकापडात गुंडाळलेली वही. काठावर आले तेव्हा नावाड्याने पायातली चप्पल काढली. अण्णांनी त्याच्या गुडघ्याकडे बघितलं आणि म्हणाले, 'कसा आहेस?' एकतीस वर्षांनी. तो म्हणाला, 'बरं आहे की, साहेब.' मग दोघंही दुसरीकडे बघायला लागले.

वही उघडलीच नाही त्यांनी. टेकडीची खाच डाव्या खांद्यावर घ्यायला लावली आणि सुरू झाले. 'सरळ. हे ५,३०० च्या आसपास. आता उजवीकडे, इथे विहिरीजवळची सात होती. सांभाळ, पुढे वाकडं आहे एक.' पाण्यात काही दिसत नव्हतं. वल्हं खाली घातलं की वाकडं झाड तिथे लागायचं! आपल्या घरातल्या अंधाऱ्या जिन्यावरून उतरावं तसे ते त्या बुडालेल्या जंगलातून आम्हाला घेऊन चालले होते. मला अभिमान वाटला, आणि अभिमान वाटल्याची चीड आली.

एका ठिकाणी म्हणाले, 'थांब. दुहेरी बुंधा.' नावाड्याने दोरी सोडली. दोन्ही बाजूंना लागली, मध्ये नाही. अण्णा म्हणाले, 'इथून पुढे रस्ता. बारा फूट रुंद, गाड्यांचा. ह्यावर एक झाड नाही. थेट लाकडांच्या आगारापर्यंत मोकळा.'

तिथेच, होडी उभी असताना, न विचारता बोलायला लागले. माझ्याकडे न बघता. 'दरवाजे तारखेच्या आधी बंद केले. उद्घाटनाला कोणीतरी मोठं येणार होतं, त्यांना भरलेलं तळं दाखवायचं होतं. आम्ही ५,०९० वर होतो. आमचे तेव्हाचे मोठे साहेब म्हणाले, दाखल्यावर सगळी लिही. उरलेली पाणी झाकून टाकेल.'

मग म्हणाले, 'पाण्याने झाकलं नाही. दर उन्हाळ्यात शेंडे वर येतात.'

गुडघे आणि ओल! एकतीस वर्षं माझा बाप शेंडे दिसू नयेत म्हणून पोस्टाच्या दिशेने फिरायला जात होता. माझा राग तिथेच पाण्यात गेला. मी त्यांचा मफलर नीट केला. दुसरं काय करणार.

संध्याकाळी त्या बुडालेल्या रस्त्यावर दोन जाळी उतरवली. एक वळणावर, एक आगारापाशी.

२४ मार्च, रविवार

एकसष्ट!!

पहिल्या जाळ्यात चोवीस, दुसऱ्यात सदतीस. आधीचे चार धरून पासष्ट. हातभर लांबीचे, जाडजूड, डोक्यासकट! जाळी दोन्ही अखंड. नावाडी मोजताना मध्येच थांबला आणि शर्टाने डोळे पुसले. शिपाई आनंदाच्या भरात गुडघाभर पाण्यात शिरला आणि मग घाबरून तिथेच उभा राहिला. दोघांनी धरून बाहेर काढला.

अण्णा आले नाहीत आज. दारात वाट बघत उभे होते. 'मिळाला?'

'एकसष्ट मिळाले, अण्णा.'

खाली बसले पायरीवरच.

२६ मार्च, मंगळवार

साहेबांना आनंद झालेला नाही. 'एवढे मासे एकदम कसे आले?' हंसांच्या रंगापर्यंत विषय गेला होता म्हणे. मग नियमावली काढली. ठिकाण बदललं तर अहवालात 'जागेचा आधार' हा रकाना भरावा लागतो. मी तो रिकामा सोडला होता. 'आधार नसेल तर मासे ग्राह्य धरता येणार नाहीत.'

म्हटलं, सर, मासे बर्फात ठेवले आहेत, येऊन बघा.

'मी मासे बघू की रकाना बघू?'

२७ मार्च, बुधवार

रकान्यात 'स्थानिक माहिती' असं भरलं. परत आलं. 'स्थानिक म्हणजे कोण? नाव, हुद्दा, सही व कागदोपत्री पुरावा.'

पुरावा आहे. मेणकापडात आहे. त्यात ५,०९१ पासून ११,३०८ पर्यंत प्रत्येक झाड आहे, कुठे उभं आहे त्यासकट, आणि पुढे 'तोडले' हा शिक्का नाही. ती वही जोडली की नऊ घरं वाचतात आणि अण्णा जातात. चौकशी लागेल, जुने कागद निघतील, वर्तमानपत्रवाले दारात येतील. शहात्तराव्या वर्षी. ह्या गावात त्यांना अजून लोक दस्तऐवजाखाली सही करायला बोलावतात, साक्षीदार म्हणून. 'अण्णांची सही आहे' म्हटलं की पुढे कोणी वाचत नाही.

वही जोडली नाही तर अण्णा राहतात आणि हंस येतात.

२८ मार्च, गुरुवार

अण्णांना मी ह्यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलं, 'गेला का अहवाल?' म्हटलं, एक रकाना राहिलाय, किरकोळ.

'कसला?'

'आहे असाच.'

चष्म्यातून बघत राहिले माझ्याकडे. लहानपणी बघायचे तसे.

२९ मार्च, शुक्रवार

सापडला उपाय. इतका सोपा होता!

'जागेचा आधार : आधुनिक मत्स्यशोधक यंत्राच्या साहाय्याने निश्चित केलेली ठिकाणे.' साहेबांना फोनवर वाचून दाखवलं. ते उडालेच! 'हेच आधी का नाही लिहिलं?' टोपीवाला पत्र देतोय, त्याची कंपनी खूश. ज्या यंत्राला फांद्या आणि मासे एकच वाटतात, त्याने मासे शोधले. सगळे सुखी. झाडं पाण्यात, अण्णा घरात, मासे कागदावर. खाली मी सही केली.

एकोणीस वर्षांतली अशी पहिली. जड जाईल वाटलं होतं. गेली नाही. ह्याचंच वाईट वाटलं.

अण्णांना पान दाखवलं. वाटलं, सुटल्यासारखं वाटेल त्यांना. त्यांनी दोनदा वाचलं. सहीवर बोट ठेवलं. म्हणाले, 'अक्षर तुझं आईसारखं आहे.' मग म्हणाले, 'पाकीट चिकटवू नकोस, सकाळी डिंक लावतो नीट. मी टाकतो पोस्टात. जातोच आहे फिरायला त्या बाजूला.'

३० मार्च, शनिवार

अण्णा पोस्टातून येताना लांबून आले, तळ्याच्या काठाकाठाने. बूट चिखलाने भरलेले. पावती माझ्या हातात दिली. पाकिटाचं वजन तिच्यावर बघून मी चरकले, चार पानांचं एवढं भरत नाही. त्यांच्या ट्रंकेत बघितलं. मेणकापड आहे. वही नाही.

माझं कालचं पान माझ्याच टेबलावर आहे, चकती ६२१४ च्या खाली नीट ठेवलेलं. माझ्या सहीखाली अण्णांनी पेन्सिलीने लिहिलंय — 'घरात एक खोटी सही पुरे.'